सूचना : रविवारी गच्चीवर घरचे आकाशकंदील

नमस्कार मंडळी,

दिवाळीआधीच्या रविवारी दुपारी ४ वाजता बी विंगच्या गच्चीवर कंदील करायला बसू. प्रत्येक मुलासोबत एक तरी मोठं माणूस हवं. आजी-आजोबा आले तर उत्तमच. कामट्या बांधायची हातोटी त्यांच्याकडेच उरली आहे.

बुरुडाकडून चिरून आणलेल्या कामट्या शनिवारी वॉचमनच्या केबिनमध्ये मिळतील. घरी काचकागद मारूनच आणा. एकदा बोटात कूस गेली की मूल पुन्हा हात लावत नाही. पतंगी कागदाचे ताव आणि जाड दोरा, रविवार कारंजा किंवा मेनरोडला ज्यांची फेरी असेल त्यांनी घ्यावा. हिशेब मागाहून करू.

खळ मात्र घरीच शिजवा, आणि त्याच दिवशी, शिळी आंबते. मैदा आधी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की गॅस बंद. बोटाने पातळ लावा, थबथबली तर ताव फाटतो. झिरमिळ्या कापायचं काम लहानांचं. वाकड्या झाल्या तरी सरळ करायला जाऊ नका, प्लीज.

आत एलईडीच लावा, साध्या बल्बने कागद करपतो. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. चिवडा ज्याचा त्याने आणावा (आणि सगळ्यांना द्यावा). अंधार पडला की गच्चीवर गारठतं, मुलांना स्वेटर घाला.

बुरुडाला आकडा सांगायचा आहे, तेव्हा फ्लॅट नंबर आणि किती कंदील, ते गुरुवारपर्यंत इथेच कळवा.