इराच्या अकरावीबद्दल, आई-बाबांना

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आई विचारते, "जेवलात काय गो?" आणि रेंज जाते. म्हणून लिहायला बसले. हातात आलेला कागद बाबा अर्धवट टाकत नाहीत, एवढा भरवसा आहे.

आधी मुद्द्याचं सांगते. इराचा अकरावीचा प्रवेश झाला. आयबी नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला घेतला. पहिल्या हप्त्याची फी भरली, गणवेश शिवायला टाकला. तुम्हाला आधी विचारलं नाही हे मनात राहिलंय, ते "बरं" ऐकूनच कळतं. पण बाबा, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात. पडवीत जाऊन दोन दिवस पंचांग चाळत बसला असतात. तुमच्या त्या गप्प बसण्याला मी अजून घाबरते, चाळिशी उलटली तरी. निखिल म्हणाला, आधी प्रवेश घेऊ, मग मी स्वतः येऊन सांगतो. त्याला रजा मिळेना, म्हणून मीच.

आईने परवा विचारलं, "त्याका बारावी म्हणतत काय?" म्हणतात आई. गावात कोणी काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे, पण हा कुठला खाजगी क्लासवाल्यांनी काढलेला कागद नाही. पूर्ण नाव इंटरनॅशनल बॅकलॉरिएट डिप्लोमा. १९६८ साली जिनिव्हात सुरू झाला. वेगवेगळ्या देशांची माणसं तिथल्या संस्थांत नोकरीला, त्यांची मुलं आज या देशात तर उद्या त्या देशात. शाळा सोडताना कुठल्याही देशाच्या विद्यापीठात चालेल असा दाखला त्यांना हवा होता, त्यातून हे निघालं. आपल्याकडे कोडाईकनालच्या एका शाळेने १९७६ सालीच सुरू केला. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे १९२५ पासून विद्यापीठांची जी संघटना आहे, ती या डिप्लोमाला बारावीच्या बरोबरीचा धरते. उद्या इराला फर्ग्युसनला जायचं झालं तर ती जाऊ शकते. ती परदेशी जाणार म्हणून हे केलेलं नाही. आई, हे वाक्य दोनदा वाच.

मग केलं कशासाठी? दहावीचा निकाल लागला आणि पहिला प्रश्न आला, सायन्स की आर्ट्स. तिला जीवशास्त्र हवं, भूगोलही हवा आणि साहित्यही सोडायचं नाही. आपल्या बोर्डात हे सहसा एका ताटात येत नाही. आयबीत सहा विषय घ्यावे लागतात, वेगवेगळ्या गटांतून: एक साहित्याची भाषा, एक शिकायची भाषा, एक समाजशास्त्रांतला विषय, एक विज्ञान, गणित, आणि सहावा कलेचा. कला नको असेल तर आधीच्या गटांतला आणखी एक घेता येतो, तिने रसायन घेतलं. सहांपैकी तीन विषय वरच्या पातळीला करायचे, त्यांना दोन वर्षांत २४० तास शिकवणी, आणि बाकीच्यांना १५० तास. वरच्या पातळीला तिने जीवशास्त्र, भूगोल आणि इंग्रजी घेतलंय.

फिजिक्स घेतलेलं नाही. म्हणजे नीटचा, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, रस्ता सोडला, हे तुम्हाला लागेल, माहीत आहे. घरात एक तरी डॉक्टर असावा हे तुम्ही आण्णांच्या दुखण्यापासून म्हणत आलात. तिला बसवून मी तीनदा विचारलं. ती म्हणाली, आजोबांच्या बीपीला डॉक्टर कणकवलीत आहेत, आजोबांनी गोळ्या घेतल्या तर ते पुरेत. उत्तर उद्धट आहे, पण खोटं नाही. आणि हा कोर्स आपल्या बारावीपेक्षा मोठा आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं पक्कं असेल तर आपलं बोर्ड आणि प्रवेश परीक्षांची तयारी हाच सरळ मार्ग. २०२४ ला कोकण बोर्डाचा बारावीचा निकाल ९७.५१ टक्के लागला होता. तेव्हा तुम्ही जसा फोन केला होतात, जणू सगळ्या पोरांना तुम्हीच बसवून शिकवलंत, ते मी विसरलेले नाही.

आता गुणांचं नीट समजून घ्या, कारण गावात तुम्हालाच सांगावं लागणार आहे. टक्के नसतात. प्रत्येक विषयाला १ ते ७, सहा विषयांचे मिळून ४२, आणि वरचे ३, असे ४५. साधारण २४ ला डिप्लोमा मिळतो, त्याला इतर अटी आहेत, वरच्या पातळीच्या तीन विषयांत मिळून किमान १२ हवेत वगैरे. जगभरची सरासरी तिशीच्या आसपास असते. तेव्हा इराला ३५ मिळाले आणि तुम्ही भाऊकाकांना "पस्तीस" म्हणालात तर ते पाठीवर हात ठेवून म्हणतील, "असू दे गुरुजी, काठावर का होईना, सुटली." ३५ ला काठावर पास होणाऱ्या राज्यातली माणसं आपण. त्यांना सांगा, इथे पस्तीस म्हणजे चांगलेच गुण. नाहीतर सांगूच नका, पेढे द्या.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडेल. जवळजवळ प्रत्येक विषयात एक काम शाळेतच होतं, प्रयोग किंवा पाहणी किंवा तोंडी, आणि गुण शाळेतले शिक्षक देतात. मग त्यातले नमुने बाहेर जातात, तिथला तपासनीस बघतो की शिक्षकांचा हात सैल आहे की आवळलेला, आणि त्याप्रमाणे गुण वर-खाली होतात. म्हणजे मॉडरेशनच. आपण कोल्हापूर बोर्डात होतो तेव्हा तुम्ही हेच करायला जायचात. येताना माझ्यासाठी लवंगी मिरचीच्या रंगाच्या रिबिनी आणल्या होत्यात. सहामाहीचे पेपर माजघरात पसरलेले असायचे, बेरजा तपासायला मला बसवायचात, आणि एका गठ्ठ्याला चूक नाही सापडली तर रागवायचात, की नीट बघितलं नसशील. मी अजून हॉटेलचं बिलसुद्धा दोनदा बेरीज करून देते.

वरचे ३ गुण दोन गोष्टींचे. एक विषय आहे थिअरी ऑफ नॉलेज नावाचा. आपल्याला जे ठाऊक आहे ते ठाऊक आहे हे कशावरून, असला. त्यात १६०० शब्दांच्या आतला निबंध, आणि तीन वस्तू मांडून त्यांच्यावर बोलायचं. इराने एक वस्तू आत्ताच ठरवली आहे, आईची पायली. आजी तांदूळ मोजते ते खरं की वजनकाटा सांगतो ते, असं काहीतरी. आई, पायली तिला दे, पण परत घे. इरा वस्तू हरवते.

दुसरी गोष्ट म्हणजे ४००० शब्दांपर्यंतचा मोठा निबंध, स्वतः शोध करून लिहायचा. इथे तुमची गरज आहे, बाबा. तिला तुमची पावसाची वही हवी आहे. सगळ्या वह्या, मी शाळेत जायच्या आधीच्यासुद्धा. पाऊस किती, मोहोर कधी आला, थंडी लांबली तेव्हा काय झालं, अवकाळीने कधी झोडपलं, आंब्याची पहिली पेटी वाशीच्या बाजाराला कधी गेली. मी तिला इथे म्हटलं, देवगडात बागायतदार पुष्कळ आहेत, पण रोज संध्याकाळी नळी डोळ्यासमोर धरून मिलिमीटर लिहिणारे किती? शाळेतल्या मार्गदर्शक बाईंना विषय पसंत आहे. भूगोलात बसवायचा की पर्यावरणात, ते पुढे ठरेल.

पण तुम्ही तिला लिहून द्यायचं नाही. एकही वाक्य नाही. माझा दहावीचा स्वागतगीताचा प्रकार इथे चालणार नाही. कुठली माहिती कुणाकडून घेतली ते तिला छापून द्यावं लागतं, दुसऱ्याचं आपलं म्हणून दिलं तर डिप्लोमा जातो. तुमचं नाव मात्र शेवटी येईल, वहीच्या मालकाचं म्हणून. तेवढ्यात समाधान माना.

गुण नसलेलीही एक अट आहे. दीड वर्ष काहीतरी करत राहायचं: एखादी कला, अंगमेहनत, आणि लोकांच्या उपयोगाचं काम. त्याचे गुण नाहीत, पण ते झालं नाही तर डिप्लोमाही नाही. मला आपली श्रमदानं आठवली. ती डिसेंबरच्या सुट्टीत येईल, व्हाळावर वनराई बंधारा घालतात त्या सुमाराला. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या भरायला तिला लावा. तिचे हात फार मऊ आहेत. तेव्हाच आठ-दहा दिवस राहील.

कारण, हे सांगायला मी चार पानं लावली, दुसऱ्या वर्षी ती मे महिन्यात येणार नाही. पेपर एप्रिलच्या अखेरीला सुरू होतात आणि मेच्या वीस तारखेच्या आसपास संपतात. एका विषयाचे दोन-दोन, तीन-तीन पेपर. म्हणजे नेमका आंबा. आई, तू आत्तापासून डोळ्यांत पाणी आणू नकोस. संपल्या दिवशी रात्रीच्या गाडीत बसवते. शेवटची अढी राखून ठेव, आणि फणस तर असणारच. या वर्षीचा मे झाला, पुढचाही पूर्ण मिळेल. निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, तेव्हा तुमच्याकडे धो धो पाऊस आणि वीज नसणार, म्हणून मी आधी शेजारच्या लँडलाइनवर कळवीन.

राहिलं मराठी. यावर मी चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. तिच्या शाळेत शिकायची भाषा म्हणून हिंदी आणि फ्रेंच आहे, मराठी नाही. माळ्यावर तुम्ही तिच्यासाठी युवकभारतीची, अकरावी-बारावीच्या मराठीची, पुस्तकं बांधून ठेवलीत, कव्हरं घालून, हे आईने मला सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत. ती इकडे पाठवू नका आणि कुणाला देऊही नका. डिसेंबरात ती आली की रोज संध्याकाळी एक धडा तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि चुकली तर मला थांबवायचात तसं थांबवा. तिचं "ळ" सुधारायला हवं. परीक्षेसाठी नसलं की पोरं उलट वाचतात, असं तुम्हीच पालकसभेत म्हणायचात.

फी जास्त आहे. आकडा लिहीत नाही, कारण तुम्ही चष्मा काढून पुन्हा लावाल. बागेच्या पैशाला हात लावलेला नाही, तुमच्या ठेवीलाही नाही. निखिलची बढती आणि मी घेतलेली शनिवारची शिकवणी यात बसतंय. गाडी दोन वर्षं बदलायची नाही, एवढंच. ती चालते आहे. इराला शाळेत दुपारचं गरम जेवण मिळतं, घरापासून बस आहे, सात वाजेपर्यंत घरी. आईने दिलेली कुळथाची पिठी ती रविवारी स्वतः करून खाते, गुठळ्या होतात, पण खाते.

आता तुमचं. बाबा, बीपीची गोळी सकाळी न्याहारीनंतर, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. बागेत चक्कर आली ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, गड्याने सांगितलं, त्याच्यावर रागवू नका. पावसात पाणंदीने उतरायचं नाही, शेवाळ आहे. आई, बंबाला वाकायचं नाही; गीझर लावायला मुलगा गुरुवारी येतोय, त्याला "पुढच्या आठवड्यात ये" म्हणून परत पाठवू नकोस. न्हाणीत धरायला दांडाही तोच बसवील, जिथे तुझा हात पोचतो तिथे, भिंतीवर खडूने खूण करून ठेव. उकडा तांदूळ घरपोच येईल, पैसे दिलेत. इन्व्हर्टरमध्ये पाणी घालायचं निखिल आला की बघेल, तोवर त्यावर पंखा आणि एक दिवा, टीव्ही नाही. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, "आहे थोडं" म्हणू नकोस.

चतुर्थीला आम्ही येतोय, चौघांची तिकिटं काढली आहेत, सासूबाईसुद्धा येतायत. पाच दिवस.

वह्या कुरिअरने पाठवू नका, पावसात भिजतील. शेजारच्या प्रसादला बसवून एकेका पानाचा फोटो काढून घ्या, पडवीत उजेडाला, पानावर हाताची सावली नको. आणि बाबा, जिथे शाई पुसट झाली आहे तिथे पुन्हा गिरवू नका. जसं आहे तसं राहू द्या. नाही वाचता आलं तर ती तुम्हाला फोन करून विचारेल, तेव्हा फोन आईकडे देऊ नका.

तुमची,
बाय