‘निरंक’ वेगळे, ‘नल’ वेगळे

संपादक महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी संगणक विषय शिकवतो. गेल्या कापूस हंगामात आमच्या भागातील एका जिनिंगचा काटा दुसऱ्या दिवशी बंद राहणार होता आणि तसे संदेश २३ गावांतील शेतकऱ्यांना पाठवण्याचे काम जावा या संगणक भाषेत लिहिलेल्या एका लहानशा प्रोग्रॅमकडे होते. पहिल्या ८ गावांना संदेश गेले. नवव्या गावाची यादी आलेली नसल्याने तिच्या जागी ‘नल’, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ अशी खूण, होते; त्यावर लूप (यादीतल्या प्रत्येक नावासाठी तेच काम पुन्हा करणारा भाग) सुरू होताच ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ ही चूक येऊन प्रोग्रॅम थांबला आणि पुढच्या १४ गावांच्या याद्या व्यवस्थित असूनही त्यांना काहीच कळले नाही. सकाळी त्या गावांच्या कापसाने भरलेल्या बंड्या आणि मेटाडोर बंद फाटकासमोर रांगेत उभे होते.

सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही हा फरक लगेच समजेल. कळवण्याजोगे काही नसले तरी ‘निरंक’ अहवाल पाठवावाच लागतो. अहवालच न येणे ही निराळी बाब असते. रिकामी यादी म्हणजे निरंक अहवाल : तिच्यावर लूप शून्य वेळा फिरतो आणि काम पुढे सरकते. नल म्हणजे अहवालच नाही. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी नल संदर्भाची सोय केली, ती करणे अगदी सोपे होते म्हणून. पुढे २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. पायथॉन भाषेतही ‘नन’वर (तिथल्या नलवर) लूप लावला की प्रोग्रॅम अडतो, तर गो भाषेत नल स्लाइसवरचा (तिथल्या यादीच्या प्रकारावरचा) लूप काही न बोलता शून्य वेळा फिरतो, त्यामुळे एका भाषेत लागलेली सवय दुसरीत घात करते.

यावर विद्यार्थी प्रत्येक लूपच्या आधी ‘नल नसेल तर’ अशी अट घालतात आणि दहा ठिकाणी घातलेली अट अकराव्या ठिकाणी हमखास विसरतात. त्यापेक्षा यादी देणाऱ्या फंक्शनने (प्रोग्रॅममधल्या ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याने) नल कधीच परत करू नये, देण्यासारखे काही नसेल तर रिकामी यादी द्यावी, हे बरे. जावात त्यासाठी ‘कलेक्शन्स’मध्ये रिकामी यादी देणारे ‘एम्प्टीलिस्ट’ आहे, कॉटलिन भाषेत नलच्या जागी रिकामी यादी देणारे ‘ऑरएम्प्टी’ आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याने जिनिंगच्या प्रोग्रॅममध्ये नेमकी हीच दुरुस्ती केली. प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालला, मात्र अहवालात नवव्या गावापुढे ‘शेतकरी : ०’ असे छापून आले. कापूस पिकवणारे अख्खे गाव त्या शून्याआड गेले आणि आता तर चूक दाखवणारी लाल ओळही पडद्यावर नव्हती. मला ही दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त भयंकर वाटते. यादी न आल्याची नोंद फाइल वाचतानाच, गावाच्या नावासह, वेगळी व्हायला हवी, म्हणजे त्या गावी निदान फोन तरी करता येईल. नल तिथेच अडवले की आतल्या लूपपर्यंत खरोखरच्या याद्याच पोहोचतात, मग त्या भरलेल्या असोत वा रिकाम्या.

आमच्याकडच्या प्रात्यक्षिक वह्यांत लूपचे उदाहरण नेहमी पाच आकड्यांच्या भरलेल्या यादीवरच असते. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती आहे की त्याच प्रात्यक्षिकात रिकामी यादी आणि नल हे दोन्ही नमुने द्यावेत आणि नल आल्यावर प्रोग्रॅमने काय नोंदवले यालाही गुण ठेवावेत.

आपला,
एक संगणक शिक्षक, जि. यवतमाळ