आईच्या गोळ्यांचं वेळापत्रक

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, आईच्या गोळ्या तुमच्या हातात आहेत, म्हणून आधी तुम्हाला सांगते. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे 'दुखलं की गोळी' असं करू नका. कळ एकदा चढली की तीच गोळी पुरत नाही, मग आई पाऊल टाकायला घाबरते आणि व्यायाम बुडतो. डोलो 650 (म्हणजे 650 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल) सकाळी 6, दुपारी 12, संध्याकाळी 6, रात्री 12. मोबाइलवर गजर लावा. तुमची तलावपाळीची फेरी सहाची गोळी देऊनच. फिजिओथेरपिस्ट पावणेसातला येतात, तोवर गोळीचा गुण यायला हवा.

आता हिशेब. आईचं वजन पन्नासच्या आत, म्हणून डॉक्टरांनी पॅरासिटामॉलची मर्यादा दिवसाला 3 ग्रॅम दिली आहे. चार डोलोंचे 2600 मिलिग्रॅम झाले. जास्त दुखेल तेव्हासाठी दिलेल्या अल्ट्रासेटमध्ये ट्रामाडॉलबरोबर 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. अशा दोन वरून दिल्या तर 3250, म्हणजे मर्यादा ओलांडली. म्हणून अल्ट्रासेट द्याल त्या वेळची डोलो गाळा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, पाकीट वाचल्याशिवाय देऊ नका.

आणि केमिस्टने सुचवली तरी कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या नकोत. रक्त पातळ करणारी गोळी 35 दिवस चालू आहे. जोडीला ही औषधं गेली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवरही ताण येतो.

आई, ट्रामाडॉलने पोट साफ होत नाही. इसबगोल पहिल्या दिवसापासूनच घे, वर भरपूर पाणी पी. चक्करही येते, रात्री उठताना दिवा लाव, पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बस, मगच वॉकर धर. तुझी जुनी झोपेची गोळी यासोबत अजिबात नको, श्वास मंदावतो. व्यायामानंतर बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं, जखम कोरडी ठेवून. बाम जखमेजवळ नको.

बाबा, काही दुखणी गोळीने दाबायची नसतात. पोटरी सुजून दुखली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अचानक असह्य कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर 108.

दिलेली प्रत्येक गोळी वेळेसकट वहीत लिहा. रात्री त्या पानाचा फोटो पाठवा, मी बेरीज तपासते.

तुमची,
लेक