आई-बाबा, पाऊस येईपर्यंत पुण्याला या

पुणे, १८ फेब्रुवारी २०२४

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही पुण्याला येण्याचा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई, तू लगेच नातवाची चौकशी करू लागतेस, म्हणून लिहून कळवते आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी पुण्याला यायचे आणि पाऊस सुरू होईपर्यंत इथेच राहायचे, असे दादाने आणि मी ठरवले आहे. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली असून अनामतही भरून झाली आहे. दोन्ही गाई रेठऱ्याच्या आत्याकडे जातील. तिथे कृष्णेचे पाणी आहे, उसाचे वाढे आहे आणि आत्या त्यांना तुमच्याइतकेच जपेल. न विचारता ठरवले याचा बाबांना राग येईल हे मी जाणते. पण टँकरच्या रांगेत त्यांना भोवळ आली हे आम्हाला शेजारच्या काकूंकडून कळावे आणि तरीही आम्ही स्वस्थ बसावे, हे आता होणार नाही.

बाबा, बाहत्तरच्या दुष्काळात आबांनी खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पण रान सोडले नाही; मग आपण कसे सोडायचे, हा तुमचा प्रश्न मला माहीत आहे. त्याला उलट उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. मात्र इतकी वर्षे कॉलेजात भूगोल शिकवताना जे समजले, ते एकदा तुमच्यापुढे मांडावेसे वाटते, कारण गेल्या ऑगस्टमध्ये मघा नक्षत्र कोरडे गेले त्यात आपल्या रानाचा दोष नव्हता आणि तुमचाही नव्हता.

आपला पाऊस मुळातच उशिराचा. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि आपले बहुतेक पाणी तिकडेच सोडून देतो. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या, आपल्या बाजूच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. घाट उतरून आपल्याकडे येणारी हवा उतरताना तापते आणि कोरडी होते. लहानपणी मला खांद्यावर घेऊन तुम्ही टेकडीवरून पळते ढग दाखवायचात आणि ‘हे आपले नव्हेत, आपले पूर्वेकडून येतात’ असे म्हणायचात. बाबा, तुमचे ते म्हणणे शब्दशः खरे आहे. पश्चिमेचा जोर ओसरला, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे इकडे सरकले आणि दुपारनंतर गडगडाट सुरू झाला, की उत्तरा आणि हस्त आपल्याला भिजवतात आणि शाळू उभा राहतो.

तुमची पावसाची वही मी दिवाळीत पाहिली. आश्लेषा आणि मघा यांच्यापुढे तुम्ही नुसती आडवी रेघ ओढली आहे, आणि मघाच्या रेघेवर पेन इतके दाबले आहे की मागच्या पानावरही ती उमटली आहे. ती रेघ पाहून मला फार वाईट वाटले. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभर गेल्या वर्षीइतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. जुलैत मात्र देशात सरासरीहून जास्त पडला होता. ऑगस्टमध्ये पाणी नाहीसे झाले असे नव्हे. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला पावसाळ्याचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी बसला. तो तिथे गेला की मध्य भारत आणि महाराष्ट्र उघडे पडतात आणि डोंगरात अतिवृष्टी होते. आपण आभाळाकडे डोळे लावून होतो त्याच दिवसांत शिमल्यात दरडी कोसळून माणसे गेली. आई, नवस फेडायचा राहिला म्हणून पाऊस रुसला असे तू म्हणालीस. नवस आपण सिद्धनाथाला जाऊन नक्की फेडू, मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. पण आपल्या घरातल्या कुणाच्या हातून काही राहिले म्हणून ही ओढ पडलेली नाही, एवढे मनाशी पक्के धर.

या सगळ्यामागे प्रशांत महासागरही होता. एरवी तिथले व्यापारी वारे गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात, त्या पाण्यावर हवा वर चढते, ढग होतात आणि तीच हवा पेरूच्या बाजूला खाली उतरते. एल निनोच्या वर्षी ते वारे मंदावतात, गरम पाणी पूर्वेकडे पसरते आणि ढगांची जागाही तिकडे सरकते. मग आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली दबते, आणि दबलेल्या हवेत ढगांची वाढ होत नाही. हवेच्या दाबाची ही दोन पारडी, एक प्रशांत महासागरावर आणि दुसरे हिंदी महासागराच्या बाजूला, आलटून पालटून वर-खाली होतात हे गिल्बर्ट वॉकर यांनी दाखवले. १९०४ ते १९२४ ते भारतीय वेधशाळांचे महासंचालक होते आणि १८९९ च्या भीषण अवर्षणाची आठवण ताजी असताना आपल्या पावसाचे भाकीत करता यावे म्हणूनच ते जगभरच्या नोंदी तपासत होते. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून, म्हणजे हवामान खात्याच्या इमारतीवरून, बस जाते तेव्हा मला नेहमी तुमची वही आठवते. तुम्हाला तो चौक दाखवायचा आहे.

एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असे मात्र नाही आणि खोटी भीती घालून तुम्हाला इथे आणावे असे मला वाटत नाही. १९९७ चा एल निनो अतिशय जोरदार असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग जास्त तापला होता आणि त्याने आपली बाजू सावरली. गेल्या वर्षीही तशी साथ मिळाली आणि सप्टेंबरमध्ये देशात पाऊस परतला, पण आपल्या रानापर्यंत तो पुरेसा पोहोचला नाही. उलट २०१२ साली धड एल निनो नसतानाही म्हसवडला चारा छावणीत गाई बांधायची वेळ आली. म्हणूनच यंदाचा उन्हाळा नशिबावर सोडून तुम्हाला तिथे ठेवण्याची माझी तयारी नाही.

आणि हे कायमचे नाही. एल निनो आता ओसरू लागला आहे. जून ते ऑगस्टमध्ये उलट स्थिती, म्हणजे ला निना, येण्याची शक्यता ५५ टक्के असल्याचे अमेरिकेच्या हवामान संस्थेने याच महिन्यात सांगितले आहे. ही खात्री नव्हे, पण वारा फिरण्याची चिन्हे आहेत. रान कुठेही जात नाही, बाबा. पाऊस लागला की पेरणीला मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन.

इथे जिने चढायचे नाहीत. न्हाणीघरात दांडी बसवून घेतली आहे आणि आईच्या गुडघ्यांसाठी उंच पाट केला आहे. नळाला सकाळी पाणी येते आणि ते टाकीत साठते, तेव्हा तुरटी फिरवणे नाही, लुगड्याच्या चौपदरी घडीतून गाळणे नाही. भाकरी ज्वारीचीच होईल. शाळूचे एक पोते दादा गाडीतून आणेल. समोरच्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळी भजन असते.

आता काही गोष्टी ऐकायच्याच आहेत. निघेपर्यंत बाबांनी एकही हंडा उचलायचा नाही. पाणी भरायला गडी ठरवला आहे, त्याचे पैसे दिले आहेत, त्याला परत पाठवू नका. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की त्याच दिवशी सांगा. जुने रिपोर्ट आणि ईसीजीचे कागद वेगळ्या पिशवीत ठेवा. पाण्याच्या मोटारीचा फ्यूज काढून काकांकडे द्या. आई, लोणच्याच्या बरण्या आणू नकोस असे म्हणणार होते, पण एक आण, नातू वाट पाहतो आहे. बाबा, वही आणि पर्जन्यमापक दोन्ही आणा. गच्चीवर जागा पाहून ठेवली आहे, वळवाच्या सरी इथेच मोजा, आणि गावच्या नोंदी शाळेतल्या गुरुजींकडून फोनवर घेता येतील.

दादा २ मार्चला सकाळी गाडी घेऊन येईल. आदल्या रात्री जागून आवराआवर करू नका.

तुमची लेक