पदवीधरांनो, आधी सीडीएसचा फॉर्म भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा पुतण्या गेल्या महिन्यात टी.वाय. बी.कॉम.चा शेवटचा पेपर देऊन आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सड्यावर धावायला गेला. आमच्या गावाच्या माथ्यावर जांभ्याचा सपाट सडा आहे. तिथं आठ-दहा मुलं रोज भरतीची तयारी करतात. एकजण मोबाइलवर वेळ लावून उभा असतो, बाकीचे अंधारात दगड चुकवत धावतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, हे एकच गणित सगळ्यांच्या डोक्यात. मीही रोजच्यासारखा फिरायला गेलो होतो. दम खात बसलेल्या मुलांना विचारलं, पदवीधर किती? चार निघाले. सीडीएसचा, म्हणजे पदवीधरांसाठीच्या लष्करी अधिकारी परीक्षेचा, फॉर्म कोणी भरला होता का? एकानेही नाही. पुतण्याच हसत म्हणाला, "आमका कोण ऑफिसर करतलो, काका?"

ते हसणं मला लागलं. तीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. खरं तर मी तेवढंही म्हणालो नसतो, कारण मला सीडीएस हा शब्दच माहीत नव्हता.

मी १९९४ साली बी.कॉम. झालो आणि कोल्हापूरच्या भरतीत सैनिक म्हणून निवडला गेलो. ज्या कॉलेजात तीन वर्षं काढली, तिथं एकाही सरांनी वर्गात सांगितलं नाही की पदवीनंतर लष्करात अधिकारी होण्यासाठी वेगळी परीक्षा असते. नोटीस बोर्डावर बँकेची जाहिरात लागायची, पोस्टाची लागायची. भरतीची खबर गावात यायची ती रजेवर आलेल्या फौजींकडून, आणि त्यांना जी वाट माहीत तीच ते सांगणार.

पलटणीत गेल्यावर दोन वर्षांनी आमच्या कंपनीत एक लेफ्टनंट साहेब आले. माझ्याच वयाचे आणि माझ्यासारखेच बी.कॉम. मी शिकलेला म्हणून मला ऑफिसात बसवलं होतं. एका दुपारी रजेचे कागद सहीला नेले. माझं अक्षर बघून त्यांनी शिक्षण विचारलं. सांगितल्यावर पेन खाली ठेवून म्हणाले, "तो सीडीएस क्यों नहीं दिया?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी सही केली, मी सॅल्यूट ठोकून बाहेर आलो, आणि रात्रभर तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

पुढे त्यांनीच मला एसीसीची, म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेजची वाट दाखवली. भरती झालेल्या सैनिकातून अधिकारी घडवणारं हे कॉलेज देहरादूनला आहे. लेखी परीक्षा मी पास झालो. एसएसबीसाठी, म्हणजे अधिकारी निवडीच्या पाच दिवसांच्या मुलाखत-चाचणीसाठी, भोपाळला गेलो. तिथं गटचर्चेत सात-आठजण बोलत होते आणि मी माझी पाळी येण्याची वाट बघत बसलो. पाळी कोणी देत नसतं. पाचव्या दिवशी माझा चेस्ट नंबर निवडलेल्यांत नव्हता. पुन्हा प्रयत्न करावा असं ठरवलं, पण लग्न, घर, बदली यात ते राहून गेलं. २०१८ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो.

आता कोणी गैरसमज करून घेऊ नये. सैनिकाची नोकरी मला कधी कमी वाटली नाही आणि आजही वाटत नाही. रायगडातल्या माणगावला महामार्गावरून जाताना मी यशवंत घाडगे यांच्या पुतळ्याची आठवण काढल्याशिवाय पुढे जात नाही. माणगाव तालुक्यातला हा मराठा पलटणीतला नाईक, १९४४ च्या जुलैत इटलीत एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला, तिथंच पडला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो अधिकारी नव्हता. रायफल, मोर्चा, गस्त, सेक्शनची पोरं सांभाळणं, यात ज्याचा जीव रमतो त्याने खुशाल सैनिक व्हावं. अधिकाऱ्याचं काम निराळं आहे. तेविसाव्या वर्षी तीसेक माणसांचा प्लाटून त्याच्या हाती येतो. त्यात त्याच्या बापाच्या वयाचे सुभेदार असतात, आणि निर्णय चुकला तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. हे ओझं सगळ्यांना पेलत नाही. पण आपल्याला पेलेल की नाही हे तपासायच्या आधीच आमची पदवीधर मुलं मागे फिरतात, माझं दुःख त्याचं आहे.

त्यात २०२२ पासून अग्निपथ योजना आल्यावर ही निवड जास्त जपून करायची झाली आहे. माझ्या वेळी भरती झालो म्हणजे पेन्शनपर्यंतची सोय झाली असं होतं. आता अग्निवीर चार वर्षांसाठी. त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार, बाकीचे साधारण पावणेबारा लाख सेवानिधी घेऊन घरी. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले एकवीस हजार हातात. योजना आली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस ठेवली होती, फक्त पहिल्या वर्षी ती तेवीसपर्यंत नेली. बारावी झालेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी पैशाची गरज असेल, तर त्याने अग्निवीर व्हावं, मी त्याला थांबवणार नाही. चार वर्षांनी तो बावीसचा असेल. मधे बाहेरून पदवी केली तर पुढचे रस्ते त्याला मोकळे.

पण पदवी होईपर्यंत मुलगा विसाव्या-एकविसाव्या वर्षात आलेला असतो. भरतीचा दरवाजा बंद होत आला म्हणून तो घाईने आत शिरतो. चार वर्षं पुरी करून बाहेर येतो तेव्हा पंचवीसचा झालेला असतो, आणि तोवर सीडीएसची वयोमर्यादा संपत आलेली असते. अधिकारी घडवणाऱ्या दोन अकादमींपैकी देहरादूनच्या आयएमएला चोविसाच्या आसपास आणि चेन्नईच्या ओटीएला पंचविसाच्या आसपास ती थांबते. म्हणजे एक दरवाजा बंद होईल या भीतीने दुसरा आपल्याच हाताने लावून घ्यायचा. सड्यावर मी हे बोटं मोजून सांगितलं तेव्हा एकही मुलगा हसला नाही.

सीडीएस वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. टी.वाय.ला असतानाच फॉर्म भरता येतो, निकालाची वाट बघावी लागत नाही. फी दोनशे रुपये. आयएमए आणि ओटीएला कुठल्याही शाखेची पदवी चालते. ओटीएला तर गणिताचा पेपरच नाही, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढंच. आर्ट्सच्या मुलांना हे कोणी सांगतं का? मुलींनाही ओटीएचा मार्ग खुला आहे. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत आणि पदवीला पन्नास टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षाही नाही, थेट एसएसबी. आमच्याकडे कॉलेजात एनसीसी करणारी मुलं कितीतरी. ते प्रमाणपत्र भरतीत जादा गुणांसाठी वापरतात आणि मग फायलीत ठेवून देतात. आयएमएत गेलेल्या कॅडेटला प्रशिक्षणातच महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. आईबापांनी हा आकडा एकवीस हजारांच्या शेजारी ठेवून बघावा.

भीती असते ती एसएसबीची, आणि तिथं मी स्वतः पडलो असल्यामुळे बोलायचा मला हक्क आहे. पाच दिवस तुमचं बोलणं, वागणं, लिहिणं पाहतात. साठ शब्द दाखवतात, एकेकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. अर्ध्या तासात साठ प्रसंग, अशा वेळी तुम्ही काय कराल ते लिहायचं. मला आता वाटतं, यातलं पुष्कळसं आमच्या मुलांकडे आधीपासूनच आहे. ज्या पोराने जत्रेच्या रात्री दशावताराची गाडी घाटात अडकल्यावर दुसरा टेम्पो मिळवून मंडळी वेळेत देवळात पोचवली, तो प्रसंगाला उत्तर देऊ शकत नाही? जो खलाशी म्हणून ट्रॉलरवर जातो, त्याला संघात काम करायला शिकवायचं? कमी पडतं ते इंग्रजीत उभं राहून चार वाक्यं बोलणं. सराव केला की ते येतं, धावण्यासारखंच. लेखी पास झालेल्यांसाठी राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. एसएसबीची तयारी, राहणं, जेवण, सगळं मोफत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. माझ्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर मी भोपाळला गप्प बसलो नसतो.

संपादक महोदय, आपण भरती मेळाव्याच्या तारखा पहिल्या पानावर देता, त्याबद्दल आभार. माझी विनंती एवढीच, की सीडीएसची अधिसूचना निघेल त्या दिवशी तीही त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापावी. कॉलेजांच्या प्राचार्यांनी ती बातमी कापून टी.वाय.च्या वर्गाबाहेर लावावी. जिल्ह्यात निवृत्त अधिकारी आणि फौजी पुष्कळ आहेत, त्यांना महिन्यातून एकदा बोलवावं. गाडीभाड्याशिवाय कोणी काही मागणार नाही, मीही नाही.

पुतण्या अजून रोज पाचला सड्यावर जातो. धावणं मी सोडू दिलेलं नाही. परतल्यावर पडवीत बसून अर्धा तास इंग्रजी पेपर मोठ्याने वाचतो, आजी आतून विचारते, ह्यो कोणाशी बोलता? सप्टेंबरच्या परीक्षेचा फॉर्म निघायची तो वाट बघतोय. सड्यावरच्या बाकीच्या तिघांपैकी दोघांनी परवा माझ्याकडून लागणाऱ्या कागदपत्रांची यादी लिहून नेली. तिसऱ्याचं म्हणणं, घरचे थांबायला तयार नाहीत. येत्या रविवारी मी त्याच्या वडिलांशी बोलायला जाणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग