पायऱ्यांखालचे पाणी

पुणे,
कार्तिक शुद्ध द्वादशी

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचून पंधरवडा उलटला. उत्तराला उशीर झाला, याबद्दल रागावू नकोस. निळ्या घुमटांची दोन छायाचित्रे पाठवून मी गप्प बसलो, ही तुझी तक्रार रास्त आहे. ‘चार पैसे गाठीला बांधून ठेवायच्या वयात ते मोडून इराणला जाण्यासारखे तिथे आहे तरी काय?’ हा तुझा प्रश्न मात्र चौकशीचा कमी आणि टोमण्याचा अधिक वाटला. तरीही त्याला नीट उत्तर द्यावे असे मनात होते, म्हणून आज सवडीने लिहायला बसलो आहे. इस्फहानचा चौक, शिराझची गुलाबाची झाडे, पर्सेपोलिसचे खांब हे सगळे पाहिले आणि ते सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला तुला यझ्दच्या एका घराचे तळघर दाखवायचे आहे. चाळीस वर्षे पाटबंधाऱ्यात घालवलेल्या माणसाला ते घुमटांपेक्षा अधिक रुचेल, अशी माझी खात्री आहे.

आधी भूगोल सांगतो. इराण म्हणजे डोंगरांनी कडा बांधलेले एक उंच पठार आहे. पश्चिमेला झाग्रोस, उत्तरेला अल्बोर्झ आणि मध्ये दश्त-ए-कवीर व दश्त-ए-लूत ही दोन ओसाड वाळवंटे. कास्पियन समुद्रावरून येणारे ढग अल्बोर्झच्या उत्तर उतारावर रिकामे होतात, तिथे कोकणासारखी भातशेती होते आणि डोंगराच्या अलीकडे मात्र कोरडेपणा सुरू होतो. यझ्दला वर्षाकाठी 50-60 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या मराठवाड्यात 700 च्या आसपास पडूनही दर उन्हाळ्यात टँकर धावतात, हे तुला मी सांगायला नको. मग या गावात शतकानुशतके माणसे राहिली कशी, डाळिंबे पिकवली कशी, रेशीम विणले कसे?

या प्रश्नाचे उत्तर गावाच्या नैर्ऋत्येला दिसते. तिथे शीरकूह नावाचा 4,000 मीटरहून उंच डोंगर आहे आणि हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ साचते. वितळलेले पाणी पायथ्याशी साठलेल्या खडी-वाळूच्या थरांत मुरते आणि जमिनीच्या पोटात राहते. ते पाणी गावापर्यंत आणायचे कसे, याची युक्ती इराणी माणसाने अडीच हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याहूनही आधी, शोधली. तिला ते कनात म्हणतात आणि पूर्वेकडे कारीझ. आपल्या मांडवाच्या कनातीचा या शब्दाशी संबंध नाही, तो वेगळा शब्द आहे. मीही तिथे पहिल्या दिवशी फसलो होतो.

रचना ऐकायला सोपी आहे. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत एक खोल विहीर खणायची, तिला म्हणतात ‘मादर-चाह’, म्हणजे आईविहीर. तिथून गावाच्या दिशेने जवळजवळ आडवे भुयार काढायचे. त्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा इतका कमी ठेवायचा की पुढे कुठेतरी जमीनच खाली येऊन भुयाराला भेटेल आणि पाणी आपल्या पायांनी उजेडात येईल. त्या जागेला ‘मझहर’ म्हणतात. मोट नाही, रहाट नाही, बैल नाहीत. जे काही आहे ते उताराचे. आता तुझ्यातला अभियंता विचारील की हजारास एक किंवा त्याहूनही कमी उतार तेलाच्या दिव्याच्या उजेडात साधायचा कसा. हीच तर गंमत आहे. खणण्याचे काम मझहराकडून वर आईविहिरीकडे करत जायचे, म्हणजे पाणी लागले तरी ते खणणाऱ्याच्या पाठीमागे वाहून जाते. दोन दिवे एका ओळीत ठेवून दिशा सांभाळायची, आणि तेच दिवे मंदावले की हवा दूषित झाली हे समजून वर यायचे. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडायच्या, त्यांतून माती चामड्याच्या पोहऱ्याने वर ओढायची आणि तोंडाभोवती तिचे कडे घालायचे, म्हणजे पावसाचे गढूळ पाणी आत जात नाही. विमानातून ही कडी ओळीने दिसतात. वाळवंटावर कोणी बांगड्या मांडून ठेवाव्यात तशी.

हे काम करणाऱ्याला मुकन्नी म्हणतात आणि तो पांढरे कपडे घालून खाली उतरतो. भुयार ढासळले तर तेच कफन, असे आमच्या वाटाड्याने अगदी सहजपणे सांगितले. ढिसूळ मातीत भाजलेल्या मातीची लंबगोल कडी बसवून भुयार सावरतात. यझ्दच्या त्या घराच्या ओसरीवर अशी दोन कडी पडली होती, त्यांतून लहान अंगाचा माणूसच वाकून जाऊ शकेल. यझ्दची झार्च कनात 70 किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यावर दोन हजारांहून अधिक विहिरी आहेत. ती शहराच्या जुम्मा मशिदीखालून जाते, आणि मशिदीच्या अंगणातून तिच्यापर्यंत उतरायला पायऱ्या आहेत. लोक वर मनोऱ्यांकडे पाहत माना दुखवून घेतात. खोरासानात गोनाबादची कनात 33 किलोमीटरची असली तरी तिची आईविहीर 300 मीटरहून खोल आहे. अकराव्या शतकात नासिर खुस्रो हा प्रवासी तिथून गेला, तेव्हा लोकांनी त्याला ती कैखुस्रो राजाने खणवली असे सांगितले. मुकन्नीचे नाव कोणाला ठाऊक असणार!

त्या घराच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक चार पायऱ्यांनी ऊन एकेक कपडा उतरवल्यासारखे अंगावरून जात होते. तळाशी हातभर रुंदीचा प्रवाह होता, स्वच्छ आणि इतका सावकाश की काडी टाकल्यावरच त्याची गती कळावी. वर बादगीर, म्हणजे वारा पकडणारा मनोरा, झुळूक ओढून या पाण्यावर सोडतो आणि घर थंड राहते. दौलताबाद बागेतला बादगीर 33 मीटर उंच आहे. त्याच्याखाली उभा राहिलो तेव्हा बाहेर रणरणते ऊन होते, हे विसरायला झाले.

पण मला स्थापत्याहून अधिक विचारात पाडले ते वाटपाने. कनात खणायला एका पिढीचा पैसा आणि पुढच्या अनेक पिढ्यांची देखभाल लागते, म्हणून ती बहुधा भागीदारीची असे. भागीदाराचा हिस्सा पाण्याच्या वेळेत मोजला जाई. तो हिस्सा जमिनीपासून वेगळा विकता येई, वारसाहक्काने मिळे, धर्मादाय वक्फही करता येई. वाटपावर ‘मीराब’ हा अधिकारी, आपल्याकडे खानदेशातल्या सिंचनाच्या फड पद्धतीत पाटकरी असतो तसा. तो वेळ मोजायचा कशाने, माहीत आहे? तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक माप. म्हणजे आपले घटिकापात्र! आपण ते लग्नाच्या मुहूर्तापुरते ठेवले, त्यांनी पाण्याच्या पाळीसाठी विसाव्या शतकापर्यंत चालवले. हे सगळे समतेचे होते असे मात्र समजू नकोस. पाणी प्रथम जिथे उघड्यावर येई तिथे सधनांचे वाडे आणि बागा असत आणि खालच्या वस्तीला उरलेले, वापरलेले पाणी मिळे.

या व्यवस्थेला राज्यकर्त्यांनी हात लावला तो बहुतेक वेळा शहाणपणाने. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की, प्राचीन इराणी सम्राटांनी कोरड्या जागी पाणी आणणाऱ्याला ती जमीन पाच पिढ्यांपर्यंत कसण्याचा हक्क दिला होता, म्हणून लोकांनी कष्ट आणि खर्च सोसून लांबून भुयारे आणली. आणि पुढे तर पाणी वापरणाऱ्यांनाही त्याचा उगम कुठे आहे हे ठाऊक राहिले नाही. इ.स.पू. 209 मध्ये सेल्युकिड घराण्यातला ग्रीक राजा तिसरा अँटिओकस इराणातल्या पार्थियन राजावर चालून गेला, तेव्हा त्या राजाने माघार घेताना याच विहिरी बुजवायला घेतल्या होत्या. अरब सत्ता आल्यावर नवव्या शतकात खोरासानचा सुभेदार अब्दुल्ला इब्न ताहिर याच्यापुढे कनातींचे तंटे येऊ लागले आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथांत त्यांना उत्तर सापडेना, तेव्हा त्याने धर्मशास्त्राच्या पंडितांना जमवून कनातींवर स्वतंत्र ग्रंथच लिहवून घेतला. 1017 च्या सुमारास करजी या गणितज्ञाने जमिनीत दडलेले पाणी काढण्याच्या विद्येवर पुस्तक लिहिले, आणि त्यात पातळी मोजण्याची साधने सांगितली. बीजगणितात नाव असलेला हा माणूस चिखलातल्या भुयाराबद्दल इतक्या आस्थेने लिहितो, याचे मला फार कौतुक वाटते. विहिरीभोवती ‘हरीम’ नावाचा पट्टा राखीव असे, त्यात दुसऱ्याला खणायची मनाई. आपल्या 1993 च्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत खणायला मनाई होती; त्या अटीवरून तू किती तालुक्यांत शिव्या खाल्ल्यास, ते मला तेव्हा आठवले.

इराणी बाग याच पाण्याची लेक आहे. भिंतीने वेढलेल्या जागेला जुन्या इराणी भाषेत ‘पइरिदएझ’ म्हणत. ग्रीकांनी तो शब्द नेला, त्याचा स्वर्ग केला, आणि अरबीतून ‘फिर्दौस’ होऊन तो घरी परतला. बाहेर खडी आणि खारट माती, आत चार पाट आणि चार वाफे. असे असेल तर स्वर्ग म्हणजे भिंतीआड खेळणारे पाणी, ही कल्पना वेगळी सुचावी लागत नाही. ‘आब’ म्हणजे पाणी, आणि ‘आबाद’ म्हणजे वसलेले, अशी जोडी तिथे कोणीही लावून देतो. व्युत्पत्तीचे अभ्यासक ती मानत नाहीत. ‘आब’ हा आपल्या ‘आप’चा भाऊ, तर ‘आबाद’ राखण्याच्या अर्थाच्या ‘पा’ धातूकडचा. मला ही खरी व्युत्पत्तीच अधिक पटते, कारण कनात खणण्यापेक्षा राखणे अवघड. आणि तुझ्या सातबाऱ्यावर काय लिहिले आहे? बागायत आणि जिरायत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी बांधावरचे हे दोन शब्द काही हलले नाहीत.

ही व्यवस्था मोडली ती आपल्या डोळ्यांदेखत. 1962 पासून शाहच्या राजवटीत जमीन सुधारणा झाली, मोठ्या जमीनदारांची मालकी गेली, आणि त्यांच्याबरोबर भुयारांचा गाळ काढायला लागणारा पैसाही आटला. जमीनदारांसाठी मी अश्रू ढाळणार नाही. खरा घाव पंपाचा. खोल कूपनलिकेने पाण्याची पातळी आईविहिरीच्या तळाखाली नेली की कनातीत नुसती हवा उरते. आणि कनात जमिनीला झेपेल तेवढेच पाणी देते, पंप मागाल तेवढे देतो. आज यझ्दची तहान बरीचशी इस्फहानच्या झायंदेरूद नदीचे पाणी नळाने आणून भागवली जाते. त्या नदीवरचा 33 कमानींचा पूल मी पाहिला. त्याच्या खाली मुले फुटबॉल खेळत होती, कारण पात्रात पाणीच नव्हते. इस्फहानच्या पूर्वेकडील शेतकऱ्यांनी ती जलवाहिनी फोडली आहे आणि 2021 मध्ये ते कोरड्या पात्रात तळ ठोकून बसले होते. कोणाची बाजू घ्यावी हे मला ठरवता आले नाही. 2016 मध्ये अकरा कनातींना जागतिक वारशाचा मान मिळाला; पण मुकन्नीचा मुलगा टॅक्सी चालवतो, हे आमच्या टॅक्सीवाल्यानेच सांगितले. त्याचे वडील मुकन्नी होते.

पुण्यात परतल्यावर कॅम्पातल्या आपल्या नेहमीच्या इराण्याकडे गेलो. आपल्या मुंबई-पुण्याच्या झरथुष्ट्री इराण्यांची मूळ गावे बहुतांशी यझ्द आणि केरमानच्या आसपासची. म्हातारेबुवांना मी यझ्दचे नाव सांगताच त्यांनी घुमटांचे काही विचारले नाही, पाणी अजून येते का एवढेच विचारले. ते स्वतः कधी तिथे गेलेले नाहीत. हा प्रश्न त्यांच्या आजोबांचा असावा.

आता तुझ्याकडे एक काम. तळघरात उभा असताना मला सारखी आपली पाणचक्की आठवत होती. शाळा बुडवून आपण तिथे हौदाकाठी बसत असू आणि ते पाणी येते कुठून, हे एकदाही विचारले नाही. पॉलिबियसने आपल्याविषयीच लिहून ठेवले होते म्हणायचे. पाणचक्कीची नहर निराळी आणि नंतरची; पण तिच्याआधी मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीसाठी, म्हणजे आजच्या संभाजीनगरसाठी, नहर-ए-अंबरी हा पाण्याचा मार्ग काढला होता, तीही डोंगराचे मुरलेले पाणी भुयाराने, उताराच्या जोरावर आणणारी आणि वाटेत उभ्या विहिरी असलेली. तिला कनात म्हणावे की कनातीची नातलग, यावर जाणकार भांडोत. पण हा हबशी गुलाम बगदादेत विकला गेला होता आणि तिथून दख्खनेत आला, हे विसरता येत नाही. नोकरीत असताना तू या नहरींचा एक जुना नकाशा उतरवून घेतला होतास, तो मेणकापडात गुंडाळून माळ्यावर ठेवल्याचे वहिनी एकदा म्हणाल्या होत्या. तो काढून ठेव. माघात मी आठवडाभर संभाजीनगरला येतो आहे, तेव्हा डोंगराच्या बाजूने सुरुवात करून नहरीवरचे जितके मनोरे उभे आहेत तितके मोजत पाणचक्कीपर्यंत चालत येऊ. तुझ्या गुडघ्याला झेपत नसेल तर दोन दिवसांत करू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. यझ्दची मिठाई वेगळ्या पार्सलने पाठवली आहे, ती तुझ्या साखरेच्या गोळीचा विचार करून खावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा,
माधव