सोमवारी सही करण्याआधी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री "आई, बँक एक लाख नव्वद हजारांत सेटलमेंटला तयार आहे, सोमवारी सही करतो आणि मोकळा होतो," एवढंच बोलून तू फोन ठेवलास. नंतर तीनदा लावला, बंद. वसुलीवाल्यांमुळे बंद ठेवतोस हे समजतं. पण मग तो मलाही बंदच लागतो रे.

मी रागावलेली नाही. वर्कशॉप बुडालं त्यात तुझी लबाडी नव्हती. शेवटच्या महिन्यात स्वतःचा हप्ता चुकवून तू पोरांचे पगार दिलेस, हे मला सुनीलच्या आईकडून कळलं. अप्पांनीही तेच केलं असतं.

फक्त 'मोकळा' या शब्दावर मी अडले आहे. चार लाख वीस हजारांपैकी दोन लाख तीस हजार बँक सोडणार, म्हणजे सिबिलला, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, नोंद जाणार 'सेटल्ड' अशी. 'क्लोज्ड' अशी नाही. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलास की समोरचा माणूस विचारणार, राहिलेले पैसे का नाही दिलेत?

आणि काहीच केलं नाहीस तर 'रिटन ऑफ' लागेल, ते त्याहून वाईट. पतसंस्थेत आम्ही त्याला निर्लेखित म्हणायचो. थकबाकीच्या टेबलावर असताना मी खतावणीत स्वतःच्या हाताने तो शब्द कितीदा लिहिला आहे. एकदा एक गृहस्थ आभार मानायला आले. कर्ज माफ झालं असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. मी खातं उघडून दाखवलं. संस्थेने नफ्यातून तरतूद करून ती रक्कम ताळेबंदातून काढली होती. त्यांच्याकडचं येणं होतं तसंच होतं, दावाही चालूच होता. टेबलाची कड धरून ते बराच वेळ उभे होते. बोटांची नखं पांढरी झालेली मला दिसत होती. काल रात्रभर तेच हात डोळ्यांसमोर होते. तू फोन चालू ठेव.

नादारीचा अर्ज कर म्हणून तुला कुणी सुचवलंय, असं ताई म्हणाली. 2016 चा दिवाळखोरीचा कायदा आला खरा, पण तुझ्यासारख्याच्या वैयक्तिक कर्जाची कलमं अजून लागू नाहीत. 1920 च्या जुन्या कायद्याने कोर्टात जावं लागतं. त्या वाटेला घाईने जाऊ नकोस.

आधी बँकेला लेखी पत्र दे. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, हे वेगवेगळं माग. दंड माफ करून मुद्दलाचे लहान हप्ते पाडून देतात का ते विचार. सेटलमेंटच करायची वेळ आली तर त्यांचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नकोस. पुढे जमेल तेव्हा उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घे आणि काही देणं उरलं नाही असा बेबाकी दाखला माग. हे मिटवायला दुसरीकडे कर्ज मागत फिरू नकोस, प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. स्वतःचा रिपोर्ट मात्र खुशाल बघ, त्याने स्कोअर उतरत नाही. सिबिलसारख्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावाच लागतो. आणि वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही. म्हणजे रात्री तरी फोन चालू ठेवता येईल.

बघ, परत टेबलावर बसल्यासारखी बोलायला लागले. माफ कर. तू पाठवलेला रिपोर्ट मी चार वेळा वाचला. 584 या स्कोअरवर नजर गेली तेव्हा पोटात कालवलं, पण वर मोटरसायकलच्या कर्जाच्या रकान्यात छत्तीस महिने शून्यच शून्य आहेत. एकही हप्ता एक दिवस उशिरा नाही. तोही तूच आहेस.

एक विचारायचं राहिलं. जामीनदार म्हणून सुनीलची सही आहे ना? मग हे त्याच्याही सिबिलमध्ये उतरणार. त्याला बँकेकडून कळण्याआधी तू सांग. भाऊकाकांच्या कर्जाला अप्पांनी सही केली होती, तेव्हा त्यांना पगारातली कपात झाल्यावर कळलं. त्या वर्षी तू चौथीत होतास. सहलीचे पैसे मागायचे नाहीत म्हणून ताप आल्याचं सांगून दोन दिवस अंथरुणात पडून राहिलास. अंग हाताला गार लागत होतं. मी कळूनही विचारलं नाही. तेव्हा विचारायला हवं होतं.

म्हणून आता विचारते. झोप लागते का? जेवतोस का? कुणाशी बोलतोस का?

शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. बँकेचं पत्र, मूळ करारनामा आणि शेवटच्या सहा महिन्यांची स्टेटमेंटं काढून ठेव. चष्मा आणि कॅल्क्युलेटर मी आणते. रात्री नऊ वाजता फोन करीन. उचल.

तुझी,
आई